हात कोणत्या गाडीला?

धावत्या ट्रकची तपासणी तो थांबण्याआधीच सुरू झालेली असते. परिवहन खात्याचे वायुवेग पथक रस्त्याच्या कडेला उभे असते, समोरून एकामागून एक अवजड गाड्या येत असतात, आणि सगळ्यांनाच बाजूला घेतले तर मैलभर रांग लागेल हे पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे कोणाला हात करायचा हे काही सेकंदांत ठरते. तेवढ्या वेळात निरीक्षकाला विमाही दिसत नाही आणि परमिटही. दिसते ते गाडीचे रूप: दिवे, नंबर प्लेट, टायरची फुगलेली पोटे, स्प्रिंगच्या पाट्यांची कमान, ताडपत्रीची बांधणी, धुराचा रंग. या रूपाचा तपासणीवर किती परिणाम होतो, आणि तो व्हावा का, याबद्दल वाहतूक व्यवसायात दोन मते आहेत.

नवीन जालन्यात हा वाद रोजचा आहे. कुंडलिका नदीने शहराचे जुने आणि नवीन असे दोन भाग केले आहेत. पण दोन्हींचे पोट चालते ते चाकांवर. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. म्हणजे कच्चा माल येताना ट्रक लागतो आणि पक्का माल जाताना ट्रक लागतो. त्यात मोंढ्यातली धान्याची पोती, कापसाच्या गाठी, बियाणे आणि हंगामात मोसंबी. एमएच 21 ची, म्हणजे जालन्याची, गाडी राज्यातल्या कोणत्याही घाटात दिसली तर तिच्यात लोखंड असावे असा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही, आणि तो निरीक्षकालाही करता येतो.

दोन मते दोन तोंडांनी ऐकली तर नीट कळतात. एक तोंड मालकाचे: क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला, मग ड्रायव्हर, आता दोन ट्रकचा धनी. दुसरे खात्यातून निवृत्त झालेल्या मोटार वाहन निरीक्षकाचे. दोघेही इथे केवळ प्रातिनिधिक आहेत. त्यांचे बोलणे मात्र भोकरदन नाक्यावरच्या कोणत्याही टपरीवर कानी पडावे असे.

मालकाचा आरोप सरळ आहे. "साहेब, गाडी धुतलेली असली, काचेला ताजा हार असला, ड्रायव्हरच्या अंगात धड शर्ट असला, की तुमचा हात वर होत नाही. तेवढंच वजन घेऊन रंग उडालेली गाडी मागून आली, की लगेच शिट्टी. हे तर भांडं बघून भाजीची चव सांगायलेत तुम्ही."

"चव नाही कळत, शेठ. पण भांडं तळाला गळत असेल तर ते लांबून दिसतं."

या उत्तरातच मुद्द्याची खरी फोड आहे. मळ वेगळा आणि हयगय वेगळी. भंगार वाहणाऱ्या गाडीवर गंजाचा तांबूस थर बसतो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डला लिंपला जातो. त्यात मालकाचा दोष नाही आणि मळकट रंगाला दंड करणारे कलमही मोटार वाहन कायद्यात नाही. पण तोच चिखल नंबर प्लेटवर बसला, मागच्या दिव्याच्या काचेवर बसला, रेडियमच्या पट्ट्यांवर बसला, की तो मळ राहत नाही. अवजड गाडीला पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लागते. रात्री बंद पडून उभ्या राहिलेल्या ट्रकवर मागून येणारी गाडी आदळणे किंवा न आदळणे हे अनेकदा त्या लाल पट्टीवर ठरते. पट्टी आहे पण चिखलाखाली आहे, हे निरीक्षकाच्या दृष्टीने पट्टी नसण्यासारखेच. अशा लहानसहान पण धोक्याच्या दोषांसाठी कलम 190 लागते आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड 1,500 रुपये आहे. पाण्याची एक बादली त्याहून स्वस्त पडते.

मालकाला हे पटते, पण पुरते नाही. त्याचा खरा सल वजनाचा आहे. "काट्यावर नेल्याशिवाय वजन कळत नाही. मग काट्यावर न्यायचं कोणाला, हे तुम्ही कशावरून ठरवता? तोंडावरूनच ना?"

"तोंडावरून नाही, पाट्यांवरून."

इथे कायदा निरीक्षकाच्या डोळ्याला अधिकृत दर्जा देतो. 1988 च्या कायद्याचे कलम 114 असे सांगते की मालवाहू गाडी मर्यादेपेक्षा जास्त वजन नेत आहे असे मानायला कारण असेल, तर अधिकारी तिला जवळच्या काट्यावर न्यायला लावू शकतो. हे कारण काट्याच्या आधी मिळायला हवे, म्हणजे ते रूपातूनच मिळणार. भरलेल्या दहा टायरी गाडीच्या मागच्या जोडचाकांकडे पाहिले तर ते कळते. योग्य वजनात जोडीतल्या दोन टायरांच्या मधून उजेड दिसतो. वजन वाढले की पोटे फुगून एकमेकांना टेकायला येतात आणि तो उजेड बुजतो. पाट्यांची कमान सरळ होते, कधी उलटी वळते. खड्ड्यातून जाताना रिकामी गाडी उडते, बेताची भरलेली झुलते आणि अती भरलेली नुसती दणकते. चढावर गिअर कुठे बदलला जातो, हेही सरावलेल्या कानाला पुरते.

मालक हसतो. "म्हणून तर लोक जास्तीचा पाटा टाकून घेतात. गाडी भरली तरी नाक वर."

"आणि तेच आम्ही आधी बघतो. सळईनं भरलेली गाडी रिकाम्या गाडीसारखी ताठ उभी असेल तर ती गाडी खोटं बोलतेय."

जास्तीचे पाटे घातल्याने कायद्याने ठरलेले वजन वाढत नाही. जुलै 2018 मध्ये केंद्राने ही मर्यादा वाढवली होती: तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. त्यानंतरही जास्त भरले तर कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. 32.5 टन भरलेली गाडी सापडली तर हिशेब 28,000 चा होतो. शिवाय जादा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि उतरवण्याचा खर्चही मालकाच्याच माथी. सळईच्या बाबतीत हे उतरवणे म्हणजे काय, हे ज्याने रस्त्याच्या कडेला लोखंडाचे बंडल उतरवलेले पाहिले आहे त्यालाच कळेल: क्रेन शोधावी लागते.

सळईची आणखी एक अडचण तिच्या लांबीची. गज साधारण 12 मीटरचा येतो आणि नेहमीच्या ट्रकची बॉडी त्याहून आखूड असते. म्हणून बंडल मध्यातून वाकवून भरतात, किंवा लांब ट्रेलर लावतात. पूर्वी माल मागे थोडा बाहेर राहू देण्याची सवलत होती. 2014 मध्ये केंद्राने नियम बदलून ती काढली, कारण बाहेर आलेल्या गजांवर मागच्या गाड्या आदळून माणसे मरत होती. तरीही फाळक्यावरून गज बाहेर काढून त्याच्या टोकाला लाल फडके बांधलेली गाडी अधूनमधून दिसतेच. ते फडके आता इशारा राहिलेले नाही. निरीक्षकाच्या दृष्टीने तो गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे.

रूपाचे महत्त्व कुठे संपते, हेही सांगायला हवे. कागदांच्या बाबतीत ते जवळपास संपले आहे. गाडीचा नंबर हातातल्या यंत्रात घातला की पासिंग, विमा, कर, पीयूसी यांच्या तारखा समोर येतात. 2018 पासून डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली कागदपत्रे ग्राह्य आहेत, त्यामुळे सीटखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा मान गेला. जीएसटीचे पथक तर टायरकडे बघतही नाही. त्याला ई-वे बिल हवे, आणि ई-वे बिलाची मुदत संपली असेल तर नवी कोरी गाडीही तितकीच अडकते. विमा संपलेली गाडी कितीही चकाचक असली तरी यंत्राला तिचा रंग दिसत नाही.

"मग झालं तर," मालक म्हणतो. "यंत्रच बघू द्या की सगळं. माणसाला उभं करता कशाला?"

"यंत्राला टायर दिसतो का?"

टायरचा प्रश्न जालनेकरांना समृद्धी महामार्गाने शिकवला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि 5 जून 2025 पासून 701 किलोमीटरचा सगळा मार्ग मुंबईच्या दारापर्यंत खुला आहे. जालन्यावरून जाणारा हा काँक्रीटचा रस्ता उन्हाळ्यात तापतो, गाडी तासन्‌तास न थांबता धावते, आणि घासलेला किंवा जुना टायर तिथे फुटतो. सुरुवातीच्या अपघातांनंतर परिवहन खात्याने महामार्गाच्या तोंडावरच टायर तपासायला सुरुवात केली. गुळगुळीत टायरची गाडी आत सोडायची नाही, परत पाठवायची. ही तपासणी पूर्णपणे रूपाची आहे आणि तिला कोणी अन्याय म्हणत नाही. नियमाप्रमाणे मोठ्या गाडीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. खोबणीत बसवलेला लहानसा उंचवटा टायरच्या पृष्ठभागाला लागला की मर्यादा संपली, एवढे ओळखायला मोजपट्टीही लागत नाही.

मात्र टायरच रूपाचा सर्वांत मोठा फसवा नमुना आहे. रिमोल्ड केलेल्या टायरची वरची नक्षी नव्यासारखी खोल दिसते. आतला सांगाडा जुनाच असतो. काळे पॉलिश मारून बाजूच्या भेगा झाकता येतात. म्हणून जाणता निरीक्षक वाकून टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवतो: भेग असेल तर नखाला लागते, पॉलिश असेल तर अंगठा काळा होतो. रिमोल्ड मुळात बेकायदा नाही, चांगल्या कारखान्यातला असेल तर तो मागच्या चाकांना बरीच सेवाही देतो. पुढच्या चाकाला तो लावणे मात्र जिवाशी खेळ, यावर या दोघांचे एकमत आहे. इतर बाबींत असे एकमत क्वचितच होते.

सजावटीचे प्रकरण वेगळे. मालकाच्या पिढीत ट्रक सजवणे म्हणजे त्याची काळजी घेणे. मागच्या फाळक्यावर मोर, दोन्ही बाजूंना कमळ, मुलांची नावे, खाली 'हॉर्न ओके प्लीज'. गंमत अशी की हे शेवटचे शब्दच महाराष्ट्रात नको ठरले. ते विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन देतात, या कारणाने 2015 मध्ये परिवहन आयुक्तांनी व्यावसायिक गाड्यांवर ते लिहायला बंदी केली. एकामागून एक सूर काढणारा संगीतमय हॉर्न केंद्रीय नियमांत आधीपासूनच वर्ज्य आहे. पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये. काचेभोवती लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांची माळ लावून रात्री निघालेला ट्रक निरीक्षकाला लांबून लग्नाच्या मांडवासारखा दिसतो, आणि तो मांडव थांबवायचा मोह आवरणे कठीण.

"म्हणजे सजवली तर धरणार आणि नाही सजवली तरी धरणार."

"सजवा की. मोर काढा, कमळ काढा. दिवे आणि हॉर्न सोडून द्या."

लिंबू-मिरची आणि काळी बाहुली यांना कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. दृष्ट लागू नये म्हणून मागे बांधलेली काळी चिंधी किंवा जुनी चप्पल मात्र नंबर प्लेटच्या आड येऊ लागली की दृष्ट हटकून लागते, ती खात्याची.

आता मालकाचा सर्वांत वजनदार मुद्दा. मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यात गाड्या नव्या असतात, त्यांचे गॅरेज घरचे असते. एका गाडीवर संसार चालवणारा माणूस आठ-दहा वर्षे चाललेला ट्रक जुना घेतो, त्यावर हप्ता भरतो, आणि रंगापेक्षा आधी ब्रेक लायनर बदलतो. रूपावरून हात करायचा म्हटले तर तोच जास्त थांबवला जाणार. प्रत्येक थांब्याला वेळ जातो, आणि वेळेवर माल पोहोचला नाही की भाड्यातून कापले जाते. "ज्याच्या गाडीचं पोट भरलेलं त्याला सलाम, ज्याच्या गाडीला भूक त्याची झडती," मालक म्हणतो. निवृत्त निरीक्षकाकडे याला उत्तर नाही. खरे तर कायद्याकडेही नाही. गरिबी आणि हयगय यांची लक्षणे पन्नास पावलांवरून सारखीच दिसतात.

मालक पुढे जे म्हणतो ते छापायला अवघड असले तरी खोटे नाही. "आणि ज्याला खिशातच हात घालायचाय, त्याला धुतलेल्या गाडीतही खोट सापडते." निरीक्षक थोडा वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, "सापडते. पण खोट जितकी कमी दिसेल तितका त्याचा भाव खाली येतो." रस्त्यावरच्या तपासणीविषयीच्या कोणत्याही प्रामाणिक लेखात हे वाक्य यायलाच हवे.

वारंवारच्या तपासणीवर एक उपाय नियमात आलेला आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून अमलात आलेल्या बदलानुसार गाडी तपासली की तपासणीची वेळ आणि अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची; उद्देश स्पष्टच सांगितला आहे की तीच गाडी पुन्हा पुन्हा विनाकारण थांबवली जाऊ नये. मालक विचारतो, "मग जालन्यात तपासलेली गाडी पुढच्या जिल्ह्यात पुन्हा का उभी करायलेत?" प्रश्न रास्त आहे. नोंद पोर्टलवर असली तरी ती धावत्या गाडीच्या कपाळावर लिहिलेली नसते. गाडी थांबवून नंबर घातल्यावरच ती दिसणार.

उत्तर अमेरिकेत हीच गोष्ट कपाळावर लिहितात. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या संयुक्त संस्थेची 37 टप्प्यांची पूर्ण तपासणी निर्दोष पार पडली की ट्रकवर एक चिकटपट्टी लावतात. ती जास्तीत जास्त तीन महिने चालते आणि तेवढ्या काळात त्या गाडीला सहसा पुन्हा तपासत नाहीत. उघड्या डोळ्यांना दोष दिसला तर मात्र तपासतात. ब्रिटनमध्ये गाडीपेक्षा मालकाकडे बघतात. त्याच्या गाड्यांच्या आधीच्या तपासण्यांवरून त्याला हिरवा, पिवळसर किंवा लाल असा दर्जा मिळतो आणि लाल दर्जाच्या मालकाच्या गाड्या जास्त थांबवल्या जातात. जुनी पण नीट ठेवलेली गाडी चालवणाऱ्या जालन्यातल्या मालकाला ही पद्धत नक्की मानवली असती, कारण तिथे रंगाऐवजी इतिहास बोलतो. आपल्याकडे नोंदी आता जमू लागल्या आहेत. त्यांच्यावरून थांबवण्याचा क्रम ठरवणे ही पुढची पायरी ठरावी.

तोवर डोळ्याचेच राज्य आहे, आणि थांबवल्यानंतरही रूपाचे काम संपत नाही. केबिनमध्ये कागद एका फायलीत, प्रथमोपचाराची पेटी हाताशी, आग विझवण्याचा सिलिंडर सीटमागे जागेवर, ड्रायव्हरला पाना कुठे आहे ते माहीत: एवढे दिसले की तपासणी बहुधा कागदांपाशी थांबते. उलट पायापाशी तेलकट चिंध्यांचा ढीग, ब्रेक दाबताच हवा सुटल्याचा आवाज, एका बाजूचा इंडिकेटर मेलेला, की निरीक्षक खाली वाकतो. खाली वाकलेला निरीक्षक रिकाम्या हाताने उठत नाही. रात्री एकाच दिव्यावर येणारी गाडी तर सर्वांत आधी धरली जाते, कारण समोरच्याला ती मोटारसायकल वाटते. शंभर-दोनशे रुपयांच्या बल्बसाठी पुढची सगळी झडती मालक स्वतःच ओढवून घेतो, आणि हे त्यालाही मान्य आहे. "ते माझ्याच पोराचं काम आहे," तो म्हणतो, "आणि तेच राहतं."

खात्याच्या बाजूने एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षे होईपर्यंत पासिंग दोन-दोन वर्षांनी करावे लागते, त्यानंतर दरवर्षी. पासिंगच्या दिवशी प्रत्येक गाडी नटलेली असते. उसना टायर लावून नेलेल्या गाड्यांचे किस्से या धंद्यात मुबलक आहेत. ती एरवी कशी असते हे बघायला खात्याकडे रस्त्याची कडच उरते. मालकाच्या बाजूने ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की त्या कडेवर त्याच्या गाडीची बाजू मांडायला तो स्वतः हजर नसतो. तिथे ड्रायव्हर असतो आणि गाडीचे रूप असते.

कारखान्याच्या काट्यावरून पावती घेऊन फाटकाबाहेर पडताना ड्रायव्हरने गाडी दोन मिनिटे उभी करावी. क्लीनरला मागे पाठवून ब्रेक दाबावा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावावेत, नंबर प्लेट आणि लाल पट्टी फडक्याने पुसायला सांगावी, जोडचाकांमधून उजेड दिसतो का ते विचारावे. दिसत नसेल तर गाडी परत आत घ्यावी.